शेतातल्या वायरलेस सेन्सर नोडचे सुटे भाग : काय घ्यायचं, किती घ्यायचं आणि आणल्याबरोबर काय तपासायचं

सेन्सरमित्र (धागाकर्ता)

वायरलेस सेन्सरच्या धाग्यांवर निम्म्याहून जास्त प्रश्न प्रोग्रामबद्दल असतात. शेतात लावलेला नोड (सेन्सर, कंट्रोलर, रेडिओ आणि बॅटरी असलेला डबा) मात्र बहुतेक वेळा चुकीच्या भागामुळे बंद पडतो: झोपेतही करंट खाणारा रेग्युलेटर, दुसऱ्याच चिपचा सेन्सर, न जुळणारा अँटेना. म्हणून हा धागा फक्त भागांसाठी. इथे कोडची चर्चा नको.

उदाहरण ठरवून घेऊ, म्हणजे चर्चा भरकटणार नाही. बागेत चार नोड. प्रत्येक नोड दर १५ मिनिटांनी मातीतला ओलावा आणि मातीचं तापमान पाठवतो. घरी एक रिसीव्हर. अंतर एक-दोन किलोमीटर, मध्ये झाडं. एवढ्या अंतराला वायफाय चालत नाही आणि एनआरएफ२४ हे स्वस्त रेडिओ मॉड्यूलसुद्धा नाही, म्हणून लोरा, म्हणजे कमी विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणारा रेडिओ.

रेडिओ: आरएफएम९५डब्ल्यू, ८६८ मेगाहर्ट्झवाला. आत एसएक्स१२७६ चिप असते. पाच लागतात, सात घ्या. या मॉड्यूलच्या पिनांमधलं अंतर २ मिलिमीटर असतं, ते ब्रेडबोर्डवर किंवा झिरो पीसीबीवर सरळ बसत नाही. ईएसपी-१२ या वायफाय मॉड्यूलसाठी मिळणारी पांढरी अडॅप्टर पट्टी याला बरोबर बसते, पण त्या पट्टीवरचे चिमुकले रेझिस्टर आधी काढून टाका. ते ईएसपीच्या पिनांसाठी असतात, आरएफएमच्या सिग्नलना ते नडतात. आणि हे मॉड्यूल फक्त ३.३ व्होल्टचं आहे. ५ व्होल्टचा आर्डुइनो उनो थेट जोडलात तर सिग्नल पिना जळतात. एनआरएफ२४ च्या सिग्नल पिना ५ व्होल्ट सहन करतात, त्यामुळे तिथून आलेल्यांची हमखास इथे फसगत होते.

कंट्रोलर: आर्डुइनो प्रो मिनी, ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झ. सहा घ्या. ईएसपी३२ या वायफायवाल्या कंट्रोलरचा तयार बोर्ड नोडसाठी घेऊ नका. चिप डीप स्लीपमध्ये साधारण १० मायक्रोअँपिअर घेते हे खरं, पण बोर्डवरचा एएमएस१११७ रेग्युलेटर एकटाच ५ मिलिअँपिअरच्या आसपास खातो, आणि यूएसबीची चिप वेगळी. दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास नुसते झोपण्यात गेले की २५०० चा सेल तीन आठवडे पुरतो. घरच्या रिसीव्हरला मात्र ईएसपी३२ उत्तम, तिथे चार्जर कायम लावलेला असतो.

प्रो मिनी विकत घेताना मोठा घोळ असतो. ३.३ आणि ५ व्होल्टचे बोर्ड दिसायला सारखेच, आणि एकाच डब्यात मिसळलेले असतात. क्रिस्टलवर ८ लिहिलंय की १६ ते भिंगातून बघा. आकडा दिसत नसेल तर रॉ पिनला (रेग्युलेटरच्या आधीची) ६ व्होल्ट द्या आणि व्हीसीसी पिन (रेग्युलेटरनंतरची) मोजा. १६ मेगाहर्ट्झचा बोर्ड ३.३ व्होल्टवर टेबलावर चालतो, पण ते चिपच्या हमीबाहेर आहे. मग शेतात गेल्यावर तो कधीतरी अडकतो आणि कारण सापडत नाही.

बोर्डवरचा पॉवर एलईडी आणि रेग्युलेटर दोन्ही काढायचे. एलईडी उपटला तरी चालेल, पण रेग्युलेटर तापवूनच काढा, नाहीतर खालची तांब्याची पट्टी निघून येते. मग व्हीसीसीला बाहेरून, १८६५० लिथियम-आयन सेलवरून वीज द्यायची. त्यासाठी एमसीपी१७००, ३.३ व्होल्टवाला, टीओ-९२ आकारात. स्वतःचा खर्च १.६ मायक्रोअँपिअर, देतो २५० मिलिअँपिअर, इनपुट ६ व्होल्टच्या वर नको. दोन्ही बाजूंना १ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लागतोच, त्याशिवाय आउटपुट डळमळतं.

हिशेब असा बसतो. झोपेत चिप, रेडिओ, रेग्युलेटर आणि बॅटरी मोजायचे दोन १ मेगओहम मिळून १० मायक्रोअँपिअर. जागं झाल्यावर तापमान, ओलावा आणि एसएफ९ (लोराच्या वेगाचा एक टप्पा) वर २० बाइटचा संदेश, जो हवेत सुमारे १८५ मिलिसेकंद राहतो. १७ डीबीएम एवढ्या प्रक्षेपण शक्तीला रेडिओ ९० मिलिअँपिअरच्या आसपास ओढतो. सगळं धरून दिवसाला १ मिलिअँपिअर-तासापेक्षा कमी. यातला एक भाग चुकीचा आला तर हा आकडा शंभरपट होतो.

बाकी किरकोळ: ०.१ मायक्रोफॅरड (१०४) पन्नास, १०० मायक्रोफॅरड १६ व्होल्ट दहा, ४.७ के, १० के आणि १ मेग मेटल फिल्म एक टक्का प्रत्येकी शंभर, बर्ग स्ट्रिप मेल-फिमेल पाच-पाच, ३ पिनचे रिलिमेट कनेक्टर वीस जोड्या, यूएसबी ते टीटीएल एक. या शेवटच्या वस्तूवरची ३.३ व्होल्टची पिन साधारण ५० मिलिअँपिअरच देते. तिच्यावर रेडिओ चालवला तर संदेश पाठवताना बोर्ड रिसेट होतो आणि माणूस तासन् तास कोडमध्ये दोष शोधत बसतो.

बुधवारपेठकर

यादी चांगली आहे. कुठून काय घ्यायचं ते जोडतो.

रेझिस्टर, कपॅसिटर, बर्ग स्ट्रिप, रिलिमेट, झिरो पीसीबी, हुकअप वायर, डबे, केबल ग्लँड हे सगळं पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्या. हातात घेऊन बघता येतं. रिलिमेट घेताना मेल-फिमेल एकमेकांत बसवून बघा, वेगवेगळ्या लॉटचे सैल बसतात. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात.

काउंटरवर "ओलाव्याच्या प्रोजेक्टचं सामान द्या" असं म्हणू नका. भाग क्रमांक, आकार आणि नग असा कागद द्या. "एमसीपी १७००, ३३०२, टीओ-९२, दहा नग." क्रमांक पूर्ण नसेल तर समोरचा जवळचा पर्याय देतो, आणि रेग्युलेटरमध्ये जवळचा पर्याय म्हणजे वेगळा पिनक्रम असू शकतो. एमसीपी१७०० चा क्रम ग्राउंड, इनपुट, आउटपुट. ७८एल०५ सारख्या दिसणाऱ्या भागाचा आउटपुट, ग्राउंड, इनपुट. जुन्या सवयीने लावला की गेला.

रेग्युलेटर, एडीसी, तापमानाची चिप असे ज्यांच्या अस्सलपणावर सगळं अवलंबून आहे, ते एलिमेंट१४, माउझर, डिजिकी अशा अधिकृत वितरकाकडून घ्या. नगाला दोन-तीनपट पैसे पडतात. पण चार-पाच प्रकारच्या भागांपुरतंच ते आहे, आणि मित्रांनी मिळून ऑर्डर केली की पाठवणावळ वाटली जाते.

रेडिओ मॉड्यूल मात्र भारतातल्या साठ्यातूनच मागवा. वायरलेस उपकरण बाहेरून आयात करताना डब्ल्यूपीसी या केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाची उपकरण मान्यता, म्हणजे ईटीए, मागितली जाते. हौशी माणसाच्या सात मॉड्यूलच्या पाकिटाला तो कागद कुठून आणणार? पाकीट कस्टममध्ये अडकतं. सुटे लिथियम सेलसुद्धा विमान टपालाने मागवायच्या भानगडीत पडू नका.

डाळिंबबाग

ओलाव्याच्या सेन्सरबद्दल लिहा ना सेन्सरमित्र. काळा, चपटा, कपॅसिटिव्ह १.२ असं छापलेला आणलाय. पाण्याच्या पेल्यात बुडवला की आकडा लगेच उतरायला हवा, तो हळूहळू कित्येक मिनिटं उतरत राहतो. दुसरा त्याच दुकानातला, तो ठीक चालतो.

सेन्सरमित्र

डाळिंबबाग, तुमच्या पहिल्या नगात १ मेगओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडलेला नाही. या बोर्डचा हा प्रसिद्ध दोष आहे. आत ५५५ टायमर चौकोनी लहरी तयार करतो, डायोडमधून त्या एका कपॅसिटरमध्ये साठतात, आणि तो कपॅसिटर रिकामा करायचं काम त्या १ मेगचं. तोच अधांतरी असेल तर व्होल्टेज वर चढतं पण खाली यायला वाट नसते. वीज न देता सिग्नल आणि ग्राउंडमधला रोध मोजा. १ मेगच्या आसपास आला तर ठीक, अनंत आला तर दोष. उपाय सोपा: कनेक्टरच्या मागे त्याच दोन पिनांमध्ये बाहेरून १ मेग सोल्डर करा.

त्याच बोर्डवर आणखी दोन गोष्टी बघायच्या. टायमरवर टीएलसी५५५ छापलेलं हवं. एनई५५५ असेल तर त्याला किमान ४.५ व्होल्ट लागतात, आपल्या ३.३ वर तो विश्वासाने चालणार नाही. आणि ६६२के छापलेला तीन पायांचा छोटा रेग्युलेटर जागेवर आहे का ते पाहा. काही बोर्डांवर ती जागा रिकामी असते, काहींवर तारेने जोडून टाकलेली. रेग्युलेटर नसेल तर बॅटरी उतरेल तसा ओलावाही बदलल्यासारखा दिसतो.

म्हणून चार नोडसाठी आठ सेन्सर घ्या आणि एकसारखे चार निवडा.

सेन्सर सुमारे ५ मिलिअँपिअर घेतो, तो कायम चालू ठेवायचा नाही. वेगळा मॉस्फेट (चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) नको, प्रो मिनीची एक डिजिटल पिन एवढा करंट आरामात देते. पिन चालू करा, २०० मिलिसेकंद थांबा, दहा वाचनं घ्या, मधलं घ्या, पिन बंद.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग. या बोर्डच्या कापलेल्या कडांमधून पाणी आत शिरतं आणि महिन्या-दोन महिन्यांत आकडे सरकायला लागतात. कडांवर नेलपॉलिशचे किंवा पातळ इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या. वरचा चिपचा भाग हीट श्रिंकमध्ये घालून आत इपॉक्सी भरा, मगच जमिनीत पुरा. छापलेल्या रेषेपर्यंतच पुरायचा असं लिहिलेलं असतं, पण मुळं २०-३० सेंटिमीटरवर असताना वरच्या थराचा ओलावा मोजून ठिबक कसं चालवणार?

काळ्या मातीत आणखी एक अडचण. ती वाळली की आक्रसते, भेगाळते, सेन्सर आणि मातीत फट पडते. फटीत हवा, म्हणजे सेन्सर "कोरडं" सांगतो, शेजारची माती ओली असली तरी. सेन्सर खोचू नका. खड्डा घेऊन त्याच मातीचा चिखल सेन्सरभोवती दाबून बसवा. आणि कोरडं-ओलं हे दोन टोकांचे आकडे तुमच्याच मातीत काढा, हवेत आणि पेल्यातल्या पाण्यात काढलेले आकडे शेताला लागू पडत नाहीत. भारी काळ्या जमिनीत पैसे घालायची तयारी असेल तर वॉटरमार्क प्रकारचा सेन्सर जास्त उपयोगी. तो ओढ सेंटिबारमध्ये देतो, झाडाला पाणी ओढायला किती जोर लागतोय ते त्यातून कळतं. त्याला एकाच दिशेची वीज देऊन चालत नाही, इलेक्ट्रोड खराब होतात. दोन पिना आळीपाळीने उलटसुलट करून वाचावं लागतं.

तरंगलांबी

फ्रिक्वेन्सीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. हे भाग घेण्याआधी ठरवायचं असतं, नंतर नाही.

भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला: प्रेषक १ वॅट, अँटेनातून परिणामी ४ वॅट, आणि वाहकाची रुंदी २०० किलोहर्ट्झ. पुढे २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढला. लोराची १२५ किलोहर्ट्झ रुंदी यात बसते. २५० आणि ५०० किलोहर्ट्झ बसत नाही, म्हणून वेग वाढवायला ते पर्याय वापरू नका.

४३३ मेगाहर्ट्झचं रा-०१ मॉड्यूल स्वस्त दिसतं आणि सगळीकडे मिळतं. त्यात एसएक्स१२७८ आहे, ते ८६६ वर जाऊ शकत नाही. आपल्याकडे ४३३ ची मोकळीक इमारतीच्या आतल्या कमी शक्तीच्या वापरापुरती आहे, बागेत किलोमीटरभर पाठवायला नाही. त्याच घराण्यातलं हवं असेल तर रा-०१एच घ्या, त्यात एसएक्स१२७६ असते. नावात एका अक्षराचा फरक, ऑर्डर करताना दोनदा वाचा.

उदाहरणांच्या कोडमध्ये अनेकदा ९१५ लिहिलेलं असतं. ते तसंच ठेवलं तर आपल्याकडे तुम्ही मोबाइलच्या ९०० च्या पट्ट्याच्या कडेला प्रक्षेपण करता. ८६६ करा. लोरावॅनमध्ये (लोरावर चालणारं सामायिक नेटवर्क) जायचं असेल तर भारताचे तीन मूळ चॅनेल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झ आहेत.

अँटेना. ८६६ ला पाव तरंगलांबी ८६.५ मिलिमीटर. १ मिलिमीटर जाडीची सिंगल स्ट्रँड तांब्याची तार ८६ ला कापा आणि मिलिमीटर-मिलिमीटर छाटत ८२ पर्यंत या, दर वेळी दूरच्या नोडची सिग्नल पातळी बघत. रिसीव्हरला खाली ४५ अंशात झुकलेल्या चार तारा जोडा, त्याच लांबीच्या. पॅनल माउंट एसएमए सॉकेटच्या चार स्क्रूच्या भोकांत त्या छान बसतात. एवढ्यानेच स्प्रिंगवाल्या अँटेनाच्या तुलनेत मोठा फरक पडतो, मॉड्यूलसोबत येणारी ती स्प्रिंग बागेत लावूच नका.

तयार अँटेना घेतलात तर एसएमए आणि आरपी-एसएमए यांत गल्लत होते. वायफाय राउटरचे अँटेना आरपी असतात, मधे पिनेच्या जागी भोक. ते साध्या एसएमए सॉकेटवर आटे धरून घट्ट बसतात, पण सॉकेटमध्येही भोकच असतं, मधली तार टेकतच नाही. म्हणजे अँटेनाशिवाय प्रक्षेपण. अँटेना न लावता २० डीबीएम पाठवणं रेडिओच्या अंतिम टप्प्याला धोक्याचं, म्हणून बोर्डाला वीज देण्याआधी अँटेना, हा क्रम कधी मोडू नका.

आरजी१७४ ही बारीक केबल मीटरला साधारण १ डेसिबल खाते. रिसीव्हर छपरावर आणि केबल खोलीपर्यंत असं करण्यापेक्षा अख्खा रिसीव्हरच छपरावर डब्यात न्या, खाली फक्त ५ व्होल्टची वायर येऊ द्या.

ऑस्टिनकर

उपयुक्त धागा. अमेरिकेतून येताना आरएफएम९५डब्ल्यू घेऊन येणार आहे, पण इकडे सगळे ९१५ चे मिळतात. भारतात चालतील का?

तरंगलांबी

चिप तीच आहे, प्रोग्राममध्ये ८६६ लिहिलंत की चालतं. मॉड्यूलमधल्या फिल्टरमुळे किंचित नुकसान होतं, एवढ्या अंतराला ते जाणवणार नाही. सोबतचे ९१५ चे अँटेना मात्र आणू नका, लांबी कमी असते. पण इकडे ८६८ चे सहज मिळत असताना मुद्दाम आणायला सांगणार नाही. तिकडून आणायचंच असेल तर चांगला मल्टिमीटर आणि अस्सल रेग्युलेटर आणा.

वऱ्हाडी ऊन

बॅटरीवर माझं मत धागाकर्त्यापेक्षा वेगळं आहे. विदर्भात मे महिन्यात सावलीत ४५ अंश असतं, उन्हातल्या बंद डब्यात ६० च्या वर जातं. लिथियम-आयन सेल चार्ज करायची मर्यादा सहसा ४५ अंश असते. त्यात टीपी४०५६ हा चार्जर बोर्ड आणि सोलर पॅनल लावलं की भर उन्हात, सेल सगळ्यात तापलेला असताना, त्याला चार्ज करत बसतो.

त्याऐवजी लिथियम आयर्न फॉस्फेटचा ३२६५० सेल घ्या. ३.२ व्होल्ट, ६००० मिलिअँपिअर-तास. सोलर पथदिव्यांमध्ये हेच सेल वापरतात, त्यामुळे आपल्याकडे सहज मिळतात. पूर्ण चार्ज झाल्यावर ३.६५ आणि थोड्या वेळात ३.३-३.४ वर स्थिरावतो. प्रो मिनीची चिप ५.५ पर्यंत आणि आरएफएम९५ ३.७ पर्यंत चालतं, म्हणजे रेग्युलेटर काढूनच टाकता येतो. बॅटरी मोजायचे दोन १ मेगही नकोत, चिप आपल्या आतल्या १.१ व्होल्टच्या संदर्भावरून स्वतःचा व्होल्टेज काढू शकते.

आणि पॅनलही नको. दिवसाला १ मिलिअँपिअर-तास खर्च असेल तर सेल नुसता पडून जेवढा उतरतो ते त्याहून जास्त असतं. वर्षातून एकदा, बहार धरायच्या आधी, काढून घरी चार्ज करा. पॅनल, त्याची वायर, चार्जर, ग्लँडचं एक भोक, सगळं वाचलं. पॅनलवर धूळ बसणं, माकडांनी ते उपटणं हेही वाचलं.

चार्ज करायला टीपी४०५६ वापरू नका, तो ४.२ पर्यंत नेतो, हा सेल त्यासाठी नाही. टीपी५००० चा बोर्ड ३.६ व्होल्टच्या जोडणीवर ठेवून वापरा. सेलला एक सेलचं फॉस्फेटसाठीचं संरक्षण सर्किट लावा, फार खाली उतरला तर सेल कायमचा बिघडतो.

१८६५० च घ्यायचे असतील तर ९९०० छापलेले घेऊ नका. त्या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता ३५०० च्या आसपास संपते. वजन करा: चांगला सेल ४५ ग्रॅमच्या पुढे भरतो, ३० भरला तर आत काय आहे ते समजून जा.

सेन्सरमित्र

वऱ्हाडी ऊन, थेट जोडणी या खर्चाच्या नोडला योग्यच आहे, फक्त दर वाचनासोबत बॅटरीचा व्होल्टेजही पाठवला पाहिजे. एमसीपी१७०० यादीत राहू द्या, ज्यांच्याकडे १८६५० पडून आहेत त्यांना लागेल. ईएसपी३२ ला मात्र फॉस्फेट थेट जोडताना जपा, त्याची कमाल ३.६ आहे. चार्जरवरून काढून लगेच लावू नका.

अस्सलनक्कल

मातीच्या तापमानाचा डीएस१८बी२० आणि हवेच्या आर्द्रतेचा बीएमई२८० यांच्याबद्दल.

स्टीलच्या नळीतले डीएस१८बी२० बाजारात बहुतेक नकली चिपचे असतात. ६४ बिटांचा पत्ता वाचा. अस्सल चिपचा पत्ता २८ ने सुरू होतो आणि शेवटच्या तपासणी बाइटच्या आधीचे दोन बाइट शून्य असतात. तिथे दुसरं काही असेल तर नकली. नकली प्रत्येक वेळी टाकाऊ नसतो, मातीच्या तापमानाला अर्ध्या अंशाने बिघडत नाही. पण झोपेतला करंट मोजल्याशिवाय वापरू नका, आणि दोन वायरींवरच्या जोडणीत तो चालेल असं गृहीत धरू नका. तीन वायरी, ४.७ के पुल-अप (डेटा आणि प्लसमधला रेझिस्टर). ३.३ व्होल्टवर १० मीटर केबल असेल तर २.२ के लावा. आकडा ८५ आला तर वाचायची घाई झाली, १२ बिटांना ७५० मिलिसेकंद लागतात. उणे १२७ आला तर वायर सुटली. वायरींचे रंग प्रत्येक लॉटला बदलतात. लाल म्हणजे प्लसच, असं धरून चालू नका, माहितीपत्रक बघा. नळीत वायर शिरते ते टोक इपॉक्सीने बंद करा, तिथून पाणी जातं.

हवेतली आर्द्रता हवी असणाऱ्यांना बीएमई२८० च्या नावाखाली बीएमपी२८० सर्रास मिळतो, त्यात आर्द्रता नाहीच. सोल्डर करण्याआधी धातूची टोपी बघा: बीएमई चौरस, बीएमपी लांबट. खात्री हवी तर डी० या रजिस्टरातून ओळख वाचा, हेक्स ६० म्हणजे बीएमई, ५८ म्हणजे बीएमपी. दुकानदाराला हा आकडा स्क्रीनवर दाखवला की बदलून मिळायला वाद होत नाही, म्हणून आणल्याच्या दिवशीच तपासा.

रेडिओलाही अशीच तपासणी आहे. हेक्स ४२ रजिस्टर वाचलं की हेक्स १२ यायला हवं. शून्य किंवा एफएफ आलं तर आधी वायरिंग बघा, मग मॉड्यूल बदला. प्रो मिनीची चिप यूएसबीएएसपी प्रोग्रामरने वाचा: १ई ९५ ०एफ म्हणजे ३२८पी. १ई ९४ ने सुरुवात झाली तर १६८ आहे, मेमरी निम्मी.

सिंधुदुर्गी

डबा राहिला. आयपी६५ चा एबीएस डबा, पांढरा किंवा करडा, काळा नको. पीजी७ ग्लँड खालच्या बाजूला, आणि केबल ग्लँडमध्ये शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर घ्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं. पीजी७ साधारण ३ ते ६.५ मिलिमीटरच्या गोल केबलला धरतो. तीन सुट्या वायरी एकत्र त्यात घातल्या तर फटी राहतात, पाणी त्यातूनच येतं.

कोकणात डबा पूर्ण हवाबंद केला तरी आत पाणी साचतं. दिवसा आतली हवा तापून बाहेर जाते, रात्री गार होऊन दमट हवा आत ओढली जाते आणि बोर्डवर दव धरतं. तळाला २ मिलिमीटरचं एक भोक ठेवा, आतून बारीक जाळी चिकटवा, नाहीतर मुंग्या घर करतात. सिलिका जेल पहिल्या पावसातच भरून जातं, त्याच्या भरवशावर राहू नका. बोर्डवर कॉन्फॉर्मल कोटिंगचे (ओलावा रोखणारा लेप) दोन हात, पण अँटेनाचा सॉकेट आणि कनेक्टर आधी टेपने झाका. फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन मगच कोटिंग. खाली फ्लक्स राहिला तर दमट हवेत करंट झिरपतो आणि १० मायक्रोअँपिअरचा नोड कशाने ५० खातोय ते कळत नाही.

डाळिंबबाग

१ मेग लावला, पेल्यात लगेच उतरला. धन्यवाद सेन्सरमित्र. आता हे १० मायक्रोअँपिअर मोजायचे कसे? साध्या मीटरच्या २०० मायक्रोच्या रेंजवर लावला की नोड सुरूच होत नाही.

सेन्सरमित्र

त्या रेंजला मीटरच्या आत साधारण १ किलोओहम असतो. जागा झालेला नोड ४ मिलिअँपिअर मागतो, म्हणजे मीटरवरच ४ व्होल्ट पडतात, नोडला काही उरत नाही.

असं करा. बॅटरीच्या प्लसमध्ये १ के एक टक्क्याचा रेझिस्टर मालिकेत, त्याला समांतर एक साधा टॉगल स्विच. रेझिस्टरच्या नोडकडच्या बाजूला १०० मायक्रोफॅरड ग्राउंडला. स्विच बंद ठेवून, म्हणजे रेझिस्टर शॉर्ट करून, नोड सुरू करा. झोपला की स्विच उघडा आणि मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर रेझिस्टरच्या दोन टोकांना लावा. १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँपिअर. आकडा स्थिरावायला मिनिटभर द्या, कपॅसिटरची स्वतःची गळती सुरुवातीला मिसळते. नोड पुन्हा जागा व्हायच्या आत स्विच बंद करायला विसरू नका. त्यासाठी चाचणीपुरतं झोपेचं अंतर पाच मिनिटं ठेवा.

८ ते १२ आला तर ठीक. ५०-६० आला तर प्रो मिनीचा रेग्युलेटर राहिलाय किंवा फ्लक्स. आकडा २०० मिलिव्होल्टच्या पुढे गेला तर हा रेझिस्टर काढून मीटरच्या मिलिअँपिअर रेंजवर मोजा. १ मिलिअँपिअरच्या वर असेल तर रेडिओला झोपेची आज्ञा गेलेली नाही किंवा एलईडी जळतोय. ५ असेल तर ओलाव्याच्या सेन्सरची पिन चालूच राहिली आहे.

डाळिंबबाग

१.६ मिलिअँपिअर येतोय. एलईडी काढलेला आहे.

सेन्सरमित्र

मग रेडिओ स्टँडबायमध्ये आहे, एसएक्स१२७६ चा स्टँडबाय करंट तेवढाच असतो. संदेश पाठवून झाल्यावर लायब्ररीची स्लीपची आज्ञा द्या आणि मगच कंट्रोलर झोपवा. स्लीपमध्ये रेडिओ ०.२ मायक्रोअँपिअरवर येतो. त्याच वेळी सीआरसी (संदेश वाटेत बिघडला का याची तपासणी) चालू केलाय का तेही बघा, काही लायब्ररींत तो मुळात बंद असतो आणि मग रिसीव्हरवर कचऱ्याचे संदेश येतात.

तरंगलांबी

आणि बागेशेजारी ऊस असेल तर अँटेना आत्ताच साडेतीन मीटरच्या पाइपवर घ्या. वाढलेला ऊस पाण्याने भरलेला असतो, ८६६ चा सिग्नल त्यातून फार जात नाही. आज कमी उंचीवर चालणारा नोड पुढे ऊस वाढल्यावर बंद पडतो.

डाळिंबबाग

स्लीपची आज्ञा दिली. ९ मिलिव्होल्ट. उत्तरेला ऊस आहे, पाइप साडेतीनचाच घेतो.